भूगर्भातील वीज आणि नोंदवहीचे मोल

वाराणसीत बदलीवर आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली ही की, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांतील गल्ल्यांतून अजूनही मराठी घराणी राहतात, तेव्हा येथे परकेपणा वाटून घेऊ नये. दुसरी ही की, काशी पृथ्वीवर वसलेलीच नाही. ती शंकराच्या त्रिशूळावर उभी आहे, म्हणून भूकंपाचे भय हिला नाही. श्रद्धेशी वाद घालण्याचे मला कारण नाही. पण २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला, तेव्हा त्रिशूळावरच्या या नगरीतील माणसेही घराबाहेर धावली होती. काशीच्या पायाखाली नेमके काय आहे, हा प्रश्न मला त्या श्रद्धेमुळेच पडला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी अनपेक्षितपणे महाराष्ट्रात, कुलाब्याला आणि किल्लारीला येऊन पोहोचलो. तो प्रवास या लेखात मांडीत आहे.

जमिनीवरच्या काशीचा नकाशा फार पूर्वीच तयार झाला. येथील टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी १८२२ मध्ये शहराची मोजणी करून तो काढला. आकाशाचे वेध तर त्याच्याही आधीपासून घेतले जात होते. मानमंदिर घाटावर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आजही पाहायला मिळते. त्या यंत्रांचे वर्णन एकोणिसाव्या शतकात एका मराठी विद्वानाने लिहून ठेवले. नगर जिल्ह्यातील टोके गावाहून आलेले आणि बनारसच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात ज्योतिष व गणित शिकविणारे पंडित बापूदेवशास्त्री ते हेच. म्हणजे पृथ्वीच्या पाठीची आणि डोक्यावरच्या आकाशाची नोंद या शहरात झाली होती. पायाखालची तेवढी राहिली होती.

पायाखाली पाहणे सोपे नाही. वाराणसी गंगेच्या मैदानाच्या दक्षिण कडेला आहे. येथून थोडेसे दक्षिणेला चुनारला गेले की विंध्याचा वालुकाश्म उघडा दिसतो. उत्तरेला मात्र तोच कठीण थर खाली खाली जातो आणि त्यावर गंगा व तिच्या उपनद्यांनी आणलेल्या गाळाची जाडी हिमालयाच्या दिशेने वाढत जाते. या मऊ, ओल्या गाळात भूकंपाच्या लाटा मोठ्या होतात. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात दोन्ही प्रदेश मिळून दहा हजारांहून अधिक माणसे गेली. उत्तर बिहारच्या एका मोठ्या पट्ट्यात तर जमिनीतून पाणी व वाळू उसळली आणि इमारती कलून खचल्या. गाळाखालचा खडक कसा आहे, कोठे तुटलेला आहे, कोठे ओला आहे, हे खणून पाहणे शक्य नसते. अनेक किलोमीटर खोल विहिरी जागोजागी कोण पाडणार?

येथील विश्वविद्यालयात भूभौतिकीचा स्वतंत्र विभाग आहे. तो विषय शिकविणाऱ्या एका स्नेह्याने मला उपाय समजावून सांगितला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला समजला, तेव्हा तो वाचकांनाही समजेल असा मला विश्वास आहे. सूर्यावरून येणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या झोतामुळे पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत किंचित बदलत असते. जगभर कोठे ना कोठे चमकणाऱ्या विजांमुळेही त्यात जलद कंपने उठतात. चुंबकीय क्षेत्र बदलले की वाहक पदार्थात वीज प्रवाहित होते, हा शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियम. पृथ्वी हा मोठा वाहकच असल्याने तिच्या पोटातही असे क्षीण प्रवाह अखंड वाहत असतात. जमिनीत विद्युत्अग्रे पुरून त्या प्रवाहांचे क्षेत्र मोजायचे, शेजारी चुंबकमापक ठेवून चुंबकीय बदल मोजायचा आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून खालच्या खडकाची रोधकता काढायची. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक असे लांबलचक नाव आहे. १९५० च्या सुमारास रशियात तिखोनोव्ह व फ्रान्समध्ये कान्यार यांनी तिचा पाया घातला.

यात खोली कशी कळते? जलद बदल वरच्या थरातच विरतात आणि संथ बदल खोल जातात. १०० ओम-मीटर रोधकतेच्या खडकात एका सेकंदाच्या आवर्तनाची लहर साधारण ५ किलोमीटर उतरते, तर १०० सेकंदांची ५० किलोमीटर. कोरड्या, अखंड ग्रॅनाइटची रोधकता हजारो ओम-मीटर असते, खाऱ्या पाण्याची एक ओम-मीटरच्याही खाली. त्यामुळे खडकाच्या भेगांतून पाणी साचलेले असेल, तर तो भाग वीज सहज वाहू देतो आणि नकाशात उठून दिसतो. भूकंपाच्या अभ्यासकांना याचे महत्त्व असे की, भेगेत दाबाखाली असलेले पाणी खडकाची घट्ट पकड सैल करते. ताण साठलेल्या जागी पाणी आहे की नाही, ही भूकंपशास्त्रातील मोलाची माहिती आहे.

काशीच्या उत्तरेकडे हिमालयात हेच दिसून आले. १९९९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी मध्य नेपाळातील मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारताचे भूकवच हिमालयाखाली सरकते, त्या घसरणीच्या पातळीला जेथे उतार येतो तेथे वीज सहज वाहू देणारा भाग त्यांना आढळला. २०१५ चा भूकंप याच घसरणीच्या पातळीवर झाला. उत्तराखंडात रुरकी ते गंगोत्री या मार्गावर केलेल्या मोजणीतही तशाच वाहक भागाचे चित्र मिळाले. त्याहीपूर्वी, १९७९ मध्ये, भारतीय व ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी वायव्य भारतात एकाच वेळी अनेक चुंबकमापक मांडले, तेव्हा एक आश्चर्य समोर आले. वाहक पट्टा हिमालयाला समांतर न जाता अरवलीच्या दिशेने गंगेचे मैदान आडवे कापून हिमालयाच्या पोटात शिरत होता. मैदानाच्या सपाट गाळाखाली अरवलीची प्राचीन मुळे पर्वताखालपर्यंत गेलेली असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. या कामात मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा मोठा वाटा होता. येथूनच माझी वाट कुलाब्याला वळली, कारण ही संस्था म्हणजे जुन्या कुलाबा वेधशाळेची वारसदार.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोलीय वेध व वेळ राखण्यासाठी बांधली. १८४१ पासून तेथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सुईचे टोक किती हलले, हे रात्रंदिवस ठरावीक वेळी पाहून वहीत लिहायचे, हे ते काम. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे जे तरुण मराठी सहायक लागले, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते. पुढे पुण्यात टिळक-आगरकरांचे गुरू म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते गणिती केरूनाना हेच. त्यांची उमेदीची वर्षे या वेधशाळेच्या नोकरीत गेली. आपण लिहीत असलेल्या आकड्यांतून एक दिवस पृथ्वीच्या पोटातील विजेचा अंदाज येईल, हे तेव्हा सांगणे कोणालाच शक्य नव्हते.

पण तसे झाले. १८८९ मध्ये मँचेस्टरचे आर्थर शुस्टर यांनी चुंबकीय क्षेत्रात रोज होणाऱ्या बदलाचे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी चार वेधशाळांच्या नोंदी घेतल्या: ग्रिनिच, लिस्बन, सेंट पीटर्सबर्ग आणि मुंबई. बदलाचे मूळ कारण आकाशात आहे आणि त्याला जमिनीखालून प्रतिसाद मिळतो, हे त्यांनी दाखविले. पृथ्वीचे अंतरंग वरच्या थरापेक्षा अधिक विद्युत्वाहक असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. भूगर्भाच्या विद्युत्वाहकतेच्या अभ्यासाच्या आरंभीच असे मुंबईचे आकडे आहेत.

या नोंदींचे मोल वाढतच गेले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून उठलेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. त्या वेळी कुलाब्यातील वहीत क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. ती नोंद १४४ वर्षे कागदावर राहिली आणि २००३ मध्ये भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी तिच्या आधारे त्या वादळाची तीव्रता ठरविली. जगातील विद्युत्-जाळ्यांना सूर्याकडून किती धोका संभवतो, याची चर्चा करताना आज त्या वहीचा हवाला दिला जातो. आपण रजिस्टर म्हणतो आणि अभिलेख-कक्षात धूळ खात ठेवतो, त्याच जातीची ही वही होती.

प्रशासनाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग त्यानंतरचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्यांची योजना आली. ट्रामचे प्रवाह जमिनीत झिरपले असते, तर कुलाब्याच्या सुया निकामी झाल्या असत्या. त्या वेळी वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. ट्रामला विरोध करून हरणे हा एक आणि नोंदी बंद करणे हा दुसरा. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड येऊ नये याची दक्षता घेतली गेली. १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले आणि पुढची दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुने आकडे नव्या आकड्यांशी जुळवून घेता यावेत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, म्हणजे प्रश्न उद्भवण्याच्या आधीच उत्तर तयार होते. ट्रामही झाली आणि नोंदींची साखळीही तुटली नाही. विकास आणि जतन यांच्या नावाने आपल्याकडे चालणाऱ्या वादांत या उदाहरणाची आठवण ठेवावी, असे मला वाटते.

आता किल्लारीकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपली होती. माळवदाच्या घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती त्यांच्यावर कोसळल्या. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. मी तेव्हा पुण्यात अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात होतो आणि मित्रांबरोबर मदतीला गेलो होतो. आम्हांला काम मिळाले ते याद्या लिहिण्याचे. एका पत्र्याच्या शेडखाली कुटुंबातील सहा नावे सांगून झाल्यावर एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं. जमिनीखाली काय हाय, ते सरकारला ठाव नव्हतं का?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला होता. भूकंप कधी होणार हे का सांगितले नाही, असे ते म्हणाले नव्हते. खाली काय आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

वस्तुस्थिती अशी होती की, देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशावर किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९६७ मध्ये कोयनेला ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने हादरा दिला होता. तरीही तो धरणाच्या जलाशयाशी जोडलेला, त्या प्रदेशापुरता विषय मानला गेला आणि उरलेले दख्खनचे पठार स्थिरच समजले गेले. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवले होते, हेही आता सर्वज्ञात आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे मॅग्नेटोटेल्युरिक मोजणी केली. किल्लारीला पाडलेल्या ६१७ मीटर खोल विहिरीत ३३८ मीटर काळा बेसाल्ट लागला आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. मोजणीत त्याहून कितीतरी खोल, साधारण ६ ते १० किलोमीटरच्या दरम्यान, वीज सहज वाहू देणारा थर आढळला. भूकंपाच्या उगमाखाली द्रव असावा आणि त्याने तेथील खडक दुबळा केला असावा, असा निष्कर्ष डॉ. हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडला. २००२ मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलला, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. कोयनेच्या परिसरात तर पुढे अशाच मोजण्यांच्या साहाय्याने जागेची पाहणी करून २०१७ पर्यंत सुमारे ३ किलोमीटर खोल विहीर पाडण्यात आली.

याचा अर्थ मोजणी आधी झाली असती तर भूकंपाचे भाकीत करता आले असते, असा कोणी काढू नये. विजेच्या संकेतांवरून भाकीत करण्याचे दावे पुष्कळ झाले. ग्रीसमध्ये १९८० च्या दशकात तीन शास्त्रज्ञांनी जमिनीतील विद्युत्संकेतांवरून भाकिते केली आणि त्यांवर अनेक वर्षे वाद झाला. कॅलिफोर्नियात १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपापूर्वी एका चुंबकमापकावर दिसलेल्या हालचालीने मोठी आशा निर्माण केली, पण ती यंत्रातीलच बिघाडाची असावी, असे २००९ मधील फेरतपासणीत दाखविण्यात आले. दिवस आणि वेळ सांगणारी खात्रीची पद्धत आजही जगात कोठेही नाही. नकाशा एवढेच सांगू शकतो की, येथे खडक अखंड नाही, येथे निर्धास्त राहू नका. तेवढे कळले तरी शाळेची भिंत कशी बांधावी, धाब्यावर मातीचे किती ओझे असावे, याचे नियम बदलता येतात. माणसे भिंतींखाली सापडून मरतात, म्हणून जीव वाचविण्याची सुरुवात भिंतींपासूनच होते.

येथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी खर्चाची छाननी करणाऱ्या एका पदावर असताना माझ्यासमोर भूगर्भातील विद्युत्मापनाच्या उपकरणांचा प्रस्ताव आला होता. "प्रस्तावाची तात्काळ उपयोगिता स्पष्ट करावी," असा शेरा मारून मी तो परत पाठविला. नियमाने शेरा बरोबर होता. त्यानंतर तो प्रस्ताव माझ्याकडे पुन्हा आला नाही. शेडखालच्या त्या गृहस्थांचा प्रश्न त्या दिवशी मला आठवला नाही, ही खंत आहे. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची जी व्याख्या मी पाठ केली होती, तिचे याहून चांगले उदाहरण नाही. अशा मापनाचा लाभ सर्वांना होतो, पण त्याची किंमत द्यायला बाजारात कोणी उभा राहत नाही आणि लाभ केव्हा मिळेल हे आधी सांगता येत नाही. शुस्टरने कुलाब्याचे आकडे वापरले, तेव्हा मोजणी सुरू होऊन जवळजवळ अर्धे शतक झाले होते. तात्काळ उपयोगितेचा शेरा १८४१ मध्येच मारला गेला असता, तर?

अमेरिकेने २००६ मध्ये सुमारे ७० किलोमीटरच्या अंतराने अशी मोजणीची केंद्रे मांडायला सुरुवात केली. उद्देश मुख्यतः खंडाची रचना व भूकंपशास्त्र हा होता. मध्यंतरी त्याच आकड्यांचा दुसरा उपयोग लक्षात आला. १३ मार्च १९८९ च्या सौर वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात गेले होते. जमिनीची विद्युत्वाहकता ठाऊक असेल, तर अशा वादळात वीजवाहिन्यांवर कोठे अधिक ताण येईल याचा अंदाज करता येतो. त्यामुळे निधी देणाऱ्या संस्था बदलल्या, तरी काम चालू राहिले. एका नकाशाला अनेक धनी मिळाले की तो पूर्ण होतो, हा त्यातील व्यवहार आपल्याही विभागांनी लक्षात घ्यावा. भूजल, भूऔष्णिक ऊर्जा, खनिजे, धरणे, वीजवाहिन्या आणि भूकंप, या साऱ्यांना जमिनीखालचे तेच आकडे लागतात. आपत्तीनंतर मंजूर होणारा आणि आठवण ओसरली की आटणारा निधी या कामाला पुरत नाही.

किल्लारीच्या त्या गृहस्थांना आज उत्तर द्यायचे झाले, तर मी म्हणेन: "नव्हतं ठाऊक, काका. आम्ही पाहिलंच नव्हतं." हे उत्तर कोणत्याही अधिकाऱ्याला दुसऱ्यांदा द्यावे लागू नये.

घरापासून दूर असलेल्या वाचकांना एक विनंती करून थांबतो. काशीला आलात, तर मानमंदिराच्या गच्चीवर अवश्य जा. गावी गेल्यावर अलिबागला समुद्र पाहायला जाल, तेव्हा तेथे शतकाहून अधिक काळ चुंबकीय नोंदी घेणारी एक वेधशाळा आहे, हे मुलांना सांगा. आणि आपले वडिलोपार्जित घर दगडमातीचे असेल, वर माळवदाचे ओझे असेल, तर पुढच्या सुट्टीत एखाद्या जाणत्या अभियंत्याला ते दाखवून घ्या. खालच्या जमिनीचा नकाशा पूर्ण व्हायला वेळ लागेल. वरची भिंत मात्र यंदाच सावरता येईल.